कॉम्प्युटरच्या पाटीखाली अंड्याची पोळी

माझ्या दुकानात अंड्याची पोळी मिळते, मुळ्याच्या वड्या मिळतात, सोयाबीनचं दूध गार आणि गरम दोन्ही मिळतं. आणि वर पाटी आहे, 'युंगफा कॉम्प्युटर'. नवं गिऱ्हाईक आलं की आधी पाटीकडे बघतं, मग तव्याकडे, मग माझ्याकडे. "काकू, इथे कॉम्प्युटर मिळतात?" मी म्हणते, "मिळायचे. आता पोळी हवी असेल तर सांग, नाहीतर बाजूला हो, मागे लोक ताटकळलेत."

माझं बोलणं असंच आहे, च्येनक्वो रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या काओश्युंग शहराच्या स्टेशनाजवळून हा रस्ता जातो, आणि एके काळी ह्याला नावानं कोणी ओळखतच नव्हतं, कॉम्प्युटरवाल्यांचा रस्ता म्हणायचे. शनिवारी इथे स्कूटर लावायला जागा मिळाली तर माणूस घरी जाऊन कौतुकानं सांगायचा. पिंगतुंगहून, पार ताइतुंगहून पोरं यायची, बापाला ओढत आणायची, आणि बाप दारात उभा राहून घाम पुसत म्हणायचा, "अरे, एवढ्यात नवी स्कूटर येते की!"

आमचं दुकान त्यात मोठं नव्हतं, पण नाव होतं. माझा नवरा छिंगफा हातानं मशीन जोडून द्यायचा. गिऱ्हाइकानं काय हवं ते सांगायचं, हा कपाटातून एकेक भाग काढणार, तिथेच समोर जोडणार, चालू करून दाखवणार, आणि शेवटी मशीनच्या डोक्यावर ग्वाई-ग्वाईचं एक हिरवं पाकीट ठेवून देणार. ग्वाई-ग्वाई म्हणजे मक्याच्या कुरकुऱ्या, पोरं खातात त्या. नावाचा अर्थ 'शहाण्यासारखं वाग'. आमच्याकडे इस्पितळात, बँकेत, जिथे जिथे मशीन आहे तिथे तिथे हे पाकीट ठेवतात, मशीन शहाण्यासारखं वागावं म्हणून. पाकीट हिरवंच हवं, आणि त्यावरची तारीख उलटलेली चालत नाही. छिंगफा तारखेला फार कडक. शिळं पाकीट ठेवलं तर मशीन हटकून रुसतं म्हणायचा, आणि मी हसले की माझ्यावर रुसायचा.

पुढे काय झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. लोक दुकानात यायचे, तासभर छिंगफाचं डोकं खायचे, कुठला भाग टिकतो, कुठला तापतो सगळं विचारून घ्यायचे, आणि घरी जाऊन फोनवरून मागवायचे. एक बाई तर आमच्या काउंटरला टेकून तिथेच मागवत होती. मी तिला हाकललं. छिंगफा म्हणाला, "असू दे गं." त्याचं असू दे, असू दे करता करता दुकान गेलं.

छिंगफा तेव्हा रस्त्यावरच्या दुकानदारांच्या संघाचा अध्यक्ष होता. सभेत उभा राहून सांगायचा, कोणी हलायचं नाही, आपण सगळे एकत्र राहिलो तर हे दिवस जातील. लोकांनी ऐकलं. समोरच्या वंगनं तर इतकं ऐकलं की शेजारचा गाळाही भाड्यानं घेतला आणि मालानं भरला. थोड्याच दिवसांत वंगचे दोन्ही गाळे गेले. मग एकेकानं गाशा गुंडाळला, आणि शेवटी आम्हीही. ज्या दिवशी शटर ओढलं, त्या दिवशी छिंगफा उरलेल्या मालाची खोकी घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेला आणि तिथलाच झाला.

म्हणजे अगदी कोंडून घेतलंय असं नाही. जेवायला दुसऱ्या मजल्यावर येतो, माझ्याशी बोलतो, बातम्या बघून मंत्र्यांना शिव्या घालतो. दवाखान्यात जायचं असलं तर मागच्या जिन्यानं गल्लीत उतरतो आणि मागच्याच जिन्यानं वर येतो. पण खाली दुकानात पाऊल नाही, पुढच्या रस्त्यावर पाऊल नाही. "कोणत्या तोंडानं जाऊ? वंगला मी बुडवला," म्हणतो.

मी म्हटलं, "अरे, वंग आता टॅक्सी चालवतो, रोज सकाळी माझ्याकडे दोन पोळ्या हाणतो, वर तिखट मागून घेतो. बुडालेला माणूस असा खातो होय?"

"तो त्याचा मोठेपणा आहे."

आता अशा माणसापुढे काय डोकं फोडायचं! आठ वर्षं फोडतेय. खाली रिकामा गाळा बघून माझ्या अंगाची लाही व्हायची, म्हणून शटर पडलं त्याच वर्षी मीच तवा मांडला. पाटी मात्र काढली नाही. लोकांना सांगते, शिडी कोण आणणार, माणूस कोण बोलावणार. खरं म्हणजे त्या पाटीत त्याच्या नावातलं 'फा' आहे, आणि ते माझ्या हातानं उतरवायला माझा जीव होत नाही.

ह्या उन्हाळ्यात आमचा मुलगा क्वानतिंग पार उत्तरेतल्या ताओयुआनहून आला. औषधांच्या दुकानांची कुठलीशी मोठी कंपनी आहे, तिला आमचं घर हवं होतं, खालच्या गाळ्यापासून वरच्या गच्चीपर्यंत. आम्ही दोघांनी ताओयुआनला त्याच्या शेजारच्या इमारतीत राहायचं. लिफ्ट आहे, बाग आहे, इस्पितळ जवळ आहे. पोरगा गुणी आहे, त्याच्या मनात काही वाकडं नाही. मला वाटलं, छिंगफा नाही म्हणेल. तर आमचं म्हातारं माकड मान हलवून म्हणालं, "जाऊ या. तिकडे मला कोणी ओळखत नाही."

"आणि माझं काय?" मी म्हटलं. "मला इथे सगळा रस्ता ओळखतो!"

एकानं ताटाकडे बघितलं, एकानं फोनकडे. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी उठून भांडी आपटली.

तेवढ्यात आमच्या चांद्र पंचांगातला सातवा महिना आडवा आला. ह्या महिन्यात ती मंडळी, म्हणजे ज्यांचं नाव आम्ही घेत नाही ती, पलीकडच्या जगातून सुटून आपल्यात फिरत असतात. त्यामुळे महिनाभर कोणी घर बदलत नाही, दुकान उघडत नाही, लग्न लावत नाही. क्वानतिंग एवढा शिकलेला, तोही म्हणाला, "मग महिना संपला की बघू." औषधवाल्यांचा साहेबही तेच म्हणाला. मी मनात म्हटलं, चला, कोणीतरी माझ्या बाजूनं उभं राहिलं.

महिनाभराची मुदत मिळाली होती. ह्या माणसाला एकदा, फक्त एकदा, जिना उतरवून वंगसमोर बसवायचं. बसला तर राहील. नाहीतर मी ताओयुआनच्या बागेत बाकावर बसून अनोळखी बायकांच्या नातवंडांचं कौतुक करत मरणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

त्या मंडळींच्या ह्या महिन्यातल्या पूजेसाठी घडीचं टेबल आणि पितळी घंगाळ लागतं, ते तिसऱ्या मजल्यावर असतं. दुपारी छिंगफा घोरत होता तेव्हा मी वर गेले. खोक्यांवर हातभर धूळ. पण कोपऱ्यात एका टेबलावर चादर टाकलेली, आणि चादर स्वच्छ. उचलली, तर खाली एक जुनं मशीन, पुसून लखलखीत, आणि त्याच्या डोक्यावर ग्वाई-ग्वाईचं हिरवं पाकीट. मी तारीख बघितली. पुढच्या वर्षीची.

मी वाण्याकडे निघाले की हा नेहमी मागून ओरडतो, "एक हिरवं ग्वाई-ग्वाई आण गं." मला वाटायचं खातो. दात राहिले नाहीत तरी खातो, म्हणून मी त्याची टिंगलही करायचे.

"ते वंगचं आहे." मागे छिंगफा उठून बसला होता. "दुरुस्तीला दिलं होतं. मग त्यानं शटर ओढलं."

"चालतं?"

"न चालायला काय झालं?" तो घुश्श्यात म्हणाला. "दर आठवड्याला चालू करतो."

"मग देत का नाहीस त्याला?"

तो भिंतीकडे तोंड करून परत आडवा झाला. मी टेबल आणि घंगाळ उचलून खाली आले, पण माझे पाय हलके झाले होते. ज्यानं सगळं सोडून दिलंय तो पाकिटावरची तारीख कशाला बघत बसेल, तुम्हीच सांगा.

पूजेच्या दिवशी दुपारी रस्त्यावर दारोदार टेबलं लागतात. आमच्या भरभराटीच्या काळात इथून स्टेशनापर्यंत नुसती टेबलं असायची, आता मधेमधे बोडकी जागा. मी कोंबडी, मासा, फळं, डबाबंद खाऊ, भात, सगळं मांडलं, प्रत्येकात उदबत्ती खोचली. टेबलाखाली घंगाळात पाणी आणि नवा पंचा ठेवला, आलेल्यांना तोंड धुवायला. ऊन असं की उदबत्त्या आपोआप पेटाव्यात. वंगनं टॅक्सी कडेला लावली आणि माझ्या पंख्यासमोर येऊन बसला. समोर, जिथे त्याचं दुकान होतं तिथे, आता पेइशान नावाच्या बाईचा धंदा आहे. काचेच्या पेटीत बाहुल्या, नाणं टाकायचं आणि लोखंडी पंज्यानं बाहुली उचलायची. उचलली जात नाही ती गोष्ट वेगळी. आमच्या रस्त्यावरचे निम्मे गाळे ह्या पंज्यांनीच धरलेत. पेइशान पस्तिशीची आहे, धांदरट पण मनानं चांगली. तिची ही इथली पहिलीच पूजा होती.

मी चहा ओतायला घेतला. दरवर्षी मी एक करते, लोक हसतात तरी करते. एकेक पेला ओतताना एकेका दुकानाचं नाव घेते.

"या, दा-हे कॉम्प्युटर, बसा. तुमच्या जागी आता पपईचं दूध विकतात, बरं चाललंय, रांग असते. या, कोपऱ्यावरचे काचेच्या जिन्यावाले. तुमच्याकडे आता व्यायामशाळा झालीय, लोक पट्ट्यावर तासभर चालतात आणि तिथल्या तिथे असतात. या, शिनचाओवाले..."

"शिनचाओ कशाला?" वंग म्हणाला. "चोर होता मेला. जुना माल नवा म्हणून विकायचा."

"चोर असला तरी भूक लागतेच ना? शिनचाओवाले, तुमच्या मालकानं आता मेइनुंगला फुलांची बाग केलीय, आणि तिथेही जुनी फुलं ताजी म्हणून विकतो."

वंग हसून हसून खोकायला लागला. "अगं बाओयुए, दुकानांना कोणी जेवायला बोलावतं का?"

"आज ज्यांना घरदार नाही त्यांना बोलवायचं असतं. ह्यांच्याइतकं बेघर कोण आहे, सांग. या, वंगचे दोन गाळे. या या. तुमचा मालक इथेच बसलाय, फुकटचा वारा खातोय."

मी मुद्दाम मोठ्यानं बोलत होते. वर तिसऱ्या मजल्याची खिडकी बोटभर उघडी होती आणि ती मी उघडी ठेवलेली नव्हती.

तेवढ्यात समोरून पेइशानची किंकाळी आली. "काकू! बंद पडली! सगळीच्या सगळी बंद पडली!"

धावत गेलो. दुकानात अंधार, पंजे अर्ध्यात लोंबतायत, एका बाहुलीचा पाय पकडीत अडकून ती उलटी टांगलेली. दारात शाळेच्या पोरी मुठीत नाणी धरून उभ्या. पेइशान रडकुंडीला आलेली. "दुरुस्तीवाला आज येत नाही म्हणतो, त्याच्या घरी पूजा आहे. मी सगळं रीतसर केलं हो. टेबल मांडलं, घंगाळ ठेवलं, प्रत्येक यंत्रावर ग्वाई-ग्वाई ठेवलं..."

वंग आत डोकावला. मग बाहेर आला, तो पोट धरून.

"पिवळी!" तो रस्त्यात उभा राहून ओरडला. "बाओयुए, अगं हिनं यंत्रांवर पिवळी ठेवलीत!"

"पिवळं पैशासाठी असतं!" पेइशान म्हणाली. "ही यंत्रं पैसे मिळवतात ना? माझी मावशी बँकेत आहे, तिच्या टेबलावर पिवळंच असतं."

"मावशीच्या टेबलावर ना? मावशीला वीज लागते का?"

पपईच्या दुकानातला पोऱ्या हसायला लागला, उदबत्त्या विकणारी म्हातारी हसायला लागली, शाळेच्या पोरी तर एकमेकींवर पडल्या. पेइशानचे कान लालेलाल झाले. आणि तेवढ्यात वरून आवाज आला, रस्त्यानं आठ वर्षं न ऐकलेला.

"यंत्रावर पिवळं? कोणत्या गाढवानं ठेवलं?"

मी वर बघितलंच नाही, माझी हिंमत झाली नाही. वाटलं, बघितलं तर खिडकी लागेल.

वंगनं बघितलं. डोळ्यांवर हात धरून, सावकाश मान वर केली. "काय अध्यक्ष," तो म्हणाला, "आहात होय घरी?"

वंगनं हातानं खूण केली.

"खाली या ना. तिथून काय ओरडताय?"

"मी..." छिंगफाचा आवाज फाटका आला. "मी कोणत्या तोंडानं येऊ, वंग? मी तुला बुडवला."

वंगचा चेहरा बदलला. हा माणूस कधी रागावत नाही, गिऱ्हाईक भाडं बुडवून पळालं तरी हसतो. तो रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. मागून स्कूटरवाले कर्णे वाजवायला लागले, तरी हलेना.

"तू बुडवलास? तू? तैपेईतली दुकानं बंद पडली, जपानातली बंद पडली, अमेरिकेत मैदानाएवढाली दुकानं होती ती कुलपं लावून गेली. ती पण तूच बुडवलीस का? एवढा मोठा झालास? अरे, तू च्येनक्वो रस्त्याचा अध्यक्ष होतास, जगाचा नव्हतास!"

"मी तुला दुसरा गाळा घ्यायला लावला."

"माझं डोकं काय मी गहाण टाकलं होतं? मला हाव सुटली होती म्हणून घेतला! आठ वर्षं मी ह्या बाईच्या हातची जळकी पोळी खातोय..."

"जळकी?" मी म्हटलं.

"...जळकी पोळी खातोय, ती काय आवडते म्हणून? माझ्या घराखाली हिच्यापेक्षा चांगली मिळते! रोज वाटतं, आज हा खाली येईल, उद्या येईल. मी वाट बघतोय आणि हा वर बसून स्वतःला साऱ्या जगाचा गुन्हेगार ठरवतोय. मला काय राग आलाय तर ह्याचाच आलाय!"

त्याला धाप लागली. वरची खिडकी हळूच लागली. खट्.

संपलं, मी म्हटलं. आता हा गल्लीच्या दारानं उतरून थेट ताओयुआनला जाईल. पेइशाननं माझा हात धरला, बिचारीला काही कळलं नव्हतं तरी धरला. वंग रस्त्याच्या मधून बाजूला आला आणि माझ्या टेबलासमोर उगाच उदबत्त्या सरळ करत बसला.

मग माझ्या दुकानाच्या आतून सपातांचा आवाज आला. फट्, फट्, मधेच थांबणं, मधेच काहीतरी जड भिंतीला आपटणं, त्यावर एक शिवी. हा मागचा जिना नव्हता. हा दुकानात उतरणारा जिना होता.

छिंगफा माझ्या तव्याच्या शेजारून बाहेर आला. अंगात बनियन, खाली अर्धी चड्डी, केस उभे, आणि दोन्ही हातांत ते मशीन धरलेलं, वर हिरवं पाकीट हनुवटीनं दाबलेलं. उंबऱ्याशी पूजेचं टेबल आडवं होतं. तो तिथे थांबला. मला वाटलं, आता वळतो की काय. पण तो आडवा सरकत, कोंबडीला धक्का न लावता बाहेर आला आणि वंगपुढे उभा राहिला.

"तुझं मशीन."

वंगनं मशीनकडे बघितलं. "दुरुस्तीला आठ वर्षं? गिऱ्हाईक म्हणून सांगतो, तक्रार करायला हवी."

"भाग मिळत नव्हता," छिंगफा म्हणाला.

वंगनं मशीन घेतलं, छातीशी धरलं आणि तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. मी तर उघड रडत होते, तोंडाला लावायलाही माझ्याकडे रुमाल नव्हता, पुढे बांधलेल्या तेलकट फडक्यानंच डोळे पुसले आणि ते आणखी झोंबले. छिंगफाचे डोळे मात्र कोरडे, कारण त्याचं लक्ष समोरच्या दुकानाकडे गेलं होतं.

"एसी कधी बसवला?" त्यानं पेइशानला विचारलं.

"काल. पूजेला माणसं येतील म्हणून..."

"आणि सगळं एकाच लाइनीवर टाकलं. मशीनं, एसी, सगळं. वंग, ह्या पोरीला सांगितलं नाहीस, मागच्या भिंतीत दुसरी लाइन आहे म्हणून?"

"आहे?" वंग म्हणाला.

"अरे तुझं दुकान, तुझी भिंत! तू दाखवायचे कॉम्प्युटर तिथे मांडायचास, मी दोन रविवार खर्चून ती लाइन टाकली होती. तू फक्त सरबत पाजत होतास!"

आत गेलो. मागच्या भिंतीवर गुलाबी अस्वलाचं मोठं चित्र ठोकलेलं होतं. अस्वल उतरवलं. मागे वंगच्या दुकानाचा जुना हिरवा रंग जसाच्या तसा, आणि मधोमध विजेचा डबा. वंग त्या रंगावरून हात फिरवत राहिला. छिंगफानं एसीची तार इकडून काढून तिकडे लावली, दोन खटके पाडले, एक उचलला. आणि सगळी यंत्रं एकदम जागी झाली, दिवे लागले, ती वेडपट गाणी एकाच वेळी वाजायला लागली, उलटी टांगलेली बाहुली पंज्यातून सुटून थेट भोकात पडली. शाळेच्या पोरींनी ओरडून दुकान डोक्यावर घेतलं.

छिंगफा प्रत्येक यंत्रापाशी गेला, पिवळी पाकिटं गोळा केली, आणि मधल्या यंत्रावर आपलं हिरवं ठेवलं.

"काका," पेइशाननं हळूच विचारलं, "लाइनीमुळे चालू झाली की पाकिटामुळे?"

"दोन्हीमुळे. नुसती लाइन बिचारी काय करणार?" तो म्हणाला, आणि हातातलं एक पिवळं पाकीट फोडलं. "घे वंग, खा. बाओयुए, तूही घे. यंत्रांना चालत नाही, माणसांना चालतं."

आम्ही तिथेच फूटपाथवर, पूजेच्या टेबलाशेजारी स्टुलं टाकून बसलो. जी दुकानं मी जेवायला बोलावली होती त्यांचे चहाचे पेले निवत होते. छिंगफानं रस्त्याकडे बघून घेतलं, इकडून तिकडे, मग तिकडून इकडे. पपईच्या दुकानाकडे बोट करून म्हणाला, "दा-हे होतं ना तिथे?" आणि वंगनं त्याला एकेकाचं सांगायला घेतलं.

महिना संपला. औषधवाल्यांचा माणूस टेप घेऊन गाळा मोजायला आला. तोवर दुकानाच्या दारालगत एक टेबल आलं होतं, जिथे माझी सोयाबीनच्या दुधाची पिंपं असायची तिथे. पिंपं मला आत सरकवावी लागली आणि मी त्यावरून खूप बोलले. टेबलावर देवळाचा एक कॉम्प्युटर उघडा पडलेला, एका मास्तरणीचा लॅपटॉप, आणि पेइशाननं पाठवलेला एक आजारी पंजा. टेबलामागे छिंगफा, नाकाच्या शेंड्यावर चष्मा.

"आजोबा, जरा सरकता का? मापं घ्यायचीत," तो माणूस म्हणाला.

"कसली मापं? वरची पाटी वाचली नाही का? दुकान चालू आहे."

त्या माणसानं क्वानतिंगला फोन लावला आणि छिंगफाच्या हातात दिला. मी तव्यावर पोळी टाकली होती. टाकली, पण उलटायचं भान राहिलं नाही.

"हो रे," छिंगफा फोनवर म्हणत होता. "नाही, तुझ्यावर राग नाही. लिफ्ट चांगली आहे, मान्य आहे. पण तुझ्या आईला इथे सगळा रस्ता ओळखतो."

मी पोळी उलटली. कोळसा झाली होती. वंग समोर बशी घेऊन उभा होता, म्हणाला, "दे, दे, मला जळकीच लागते." मी त्याला ती दिली आणि एकाऐवजी दोन अंडी घातलेली दुसरी करायला घेतली, कोणासाठी ते मी सांगत नाही.

दुपारी वाण्याकडे निघाले तेव्हा मागून नेहमीची हाक आली.

"हिरवं ग्वाई-ग्वाई आण गं. ह्या वेळी दोन आण."

"दोन कशाला? टेबल तर एकच आहे."

"एक टेबलाला," तो स्क्रू फिरवत, वर न बघता म्हणाला, "आणि एक तुझ्या तव्याला."

"माझा तवा एक दिवस तरी बंद पडलाय का रे?"

"म्हणूनच ना," छिंगफा म्हणाला. "आठ वर्षं त्याच्या डोक्यावर कोणी काही ठेवलं नाही. आण. आणि तारीख बघून आण."